वाफसा कोणाच्या हातात?

(नागपूर येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावावर बोलणारे आज बरेच जण आहेत. आम्हाला मातीवर बोलायला सांगितले आहे. त्यातही हलक्या, मुरमाड वावराचे रडगाणे आम्ही गाणार नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. आम्ही बोलणार आहोत भारी जमिनीबद्दल. ज्या काळ्याभोर वावराच्या नावावर सोयरीक जमते आणि सोसायटी दोन पैसे जास्त कर्ज देते, त्या वावराबद्दल. कारण अलीकडे गावोगाव एकच तक्रार कानावर येते. वावर पहिल्यासारखे राहिले नाही, पाणी पडले की चिखल आणि उघडले की डांबर. पऱ्हाटी उपटून पाहिली तर मूळ वीतभर खाली जाते आणि काटकोनात वळते, जणू खाली कोणी फरशी घातली आहे.

ही फरशी कोणी घातली, ते आधी पाहू.

आपली काळी जमीन बेसाल्टच्या दगडापासून झाली. तिच्यात चिकणमातीचा भाग फार; शंभर भागांत पन्नास-साठ भागही सापडतो. ही चिकणमाती कशी असते? पुस्तकाच्या पानांसारखी. पानापानांत पाणी शिरते, पुस्तक फुगते. पाणी गेले की आकसते. म्हणून आपल्या वावरात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि झड लागली की त्याच जमिनीतून पाणी तासाला एक मिलिमीटरही खाली उतरत नाही. इथे नागपुरात अमरावती रस्त्यावर मातीचा देशपातळीवर अभ्यास करणारी संस्था आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, १९७६ सालची. तिथल्या शास्त्रज्ञांनी काळ्या जमिनीवर आयुष्ये घालवली आहेत. पण आज ज्या गोष्टीवर आम्ही जोर देणार आहोत ती समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. कुंभार पुरे.

कुंभार माती ओली करतो आणि पायांनी तुडवतो. कशासाठी? तिच्यातली हवा, भोके, भेगा सगळ्या काढून टाकण्यासाठी. मडक्यातून पाणी गळता कामा नये. भंडाऱ्या-गोंदियाचा धानकरीही तेच करतो. बांधीत पाणी भरून चिखलणी करतो, कारण त्याला बांधीत पाणी उभे हवे असते. आता सांगा, कपाशीच्या, ज्वारीच्या वावरात ओल असताना जो ट्रॅक्टर घालतो, तो काय करतो? तो चिखलणीच करतो. कुंभाराच्या पायापेक्षा जास्त जोराने. आणि मग त्या वावरात कपाशीने धानासारखे पाण्यात उभे राहावे अशी अपेक्षा करतो.

चांगल्या काळ्या जमिनीची माती हातात घेतली तर ती रवाळ असते. रव्या-रव्यामध्ये जागा असते. मोठ्या जागेतून पाणी उतरते, हवा खेळते, मूळ वाट काढते. ही जागा म्हणजेच वावराची कस. नत्र, स्फुरद, पालाश पोत्यात विकत मिळते, ही जागा पोत्यात मिळत नाही. ओली माती दाबली की आधी हीच मोठी जागा बुजते. आणि हे काम हळूहळू होत नाही. चाकाच्या पहिल्याच फेरीत बहुतेक नुकसान होऊन जाते. पुढच्या फेऱ्या त्यावर थोडी थोडी भर घालतात. म्हणून "एकदाच तर घातला होता" या बोलण्याला अर्थ नाही.

इथे कोणी म्हणेल, मग बैलाचा खूर दाबत नाही काय? दाबतो. चौरस इंचाचा हिशेब केला तर खुराचा दाब टायरपेक्षा कमी नाही. पण दाब किती खोल जाईल हे एकूण वजनावर ठरते. बैलाचा दाब वरच्या थरात विरतो आणि मागून येणारी वखराची पास तो थर मोकळा करते. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो, मागे अवजार किंवा भरलेली ट्रॉली वेगळी. सोयाबीन काढायला येणारे हार्वेस्टर त्याहून कितीतरी जड, आणि ते येते कधी? परतीच्या पावसात, वावर खालून ओले असताना. त्याचा दाब वखर-डवऱ्याच्या आवाक्याबाहेर खाली जाऊन बसतो. तीच ती फरशी.

आम्ही "बैल पाळा" असा उपदेश करायला आलो नाही. तो उपदेश शहरातली माणसे करतात. बैलजोडी वर्षभर खाते, काम मोजक्या दिवसांचे असते. ज्वारी गेली, कडबा गेला, चराई गेली, गडी मिळत नाही. कापसाच्या पैशात जोडी पोसणे परवडत नाही म्हणून ती विकली गेली. हौस म्हणून कोणी दावण रिकामी केलेली नाही. पण दावणीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद कोणी घेतली नाही. घरी औत होते तेव्हा वाफसा घरचा होता. पहाटे उठून माणूस वावरात जायचा, माती मुठीत दाबायचा, दुपारपर्यंत थांबायचा आणि मग जू ठेवायचा. आज ट्रॅक्टर भाड्याचा. गावात पाच ट्रॅक्टर आणि दोनशे वावरे. त्याची पाळी आली की आली. आज नको म्हटले तर पुढे आठ दिवस तो फिरकत नाही, आणि तोवर पेरणीची वेळ निघून जाते. म्हणजे वाफसा वावरात पाहायचा तो आता ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत पाहावा लागतो. आमच्या मते आजच्या भारी जमिनीचा खरा रोग हा आहे. बाकीच्या उपायांना या एका गोष्टीशिवाय बरकत नाही.

यावर तोड आहे काय? पूर्ण नाही, पण आहे. पहिली, जड कामे ओलीच्या दिवसांतून काढून कोरड्या दिवसांत न्यायची. नांगरट, सबसॉयलर, शेणखत वाहून टाकणे, हे सारे फाल्गुन ते वैशाखात, जमीन खालपर्यंत वाळलेली असताना. खोल थर फोडायचा असेल तर माती वाळलेली असतानाच तो तडकतो. ओल असली तर सबसॉयलरचे दाते लोण्यातून सुरी जावी तसे जातात आणि भिंती लिंपून ठेवतात. पैसे जातात, फरशी तशीच राहते. आणि दरवर्षी नांगरायची गरजही नाही. वऱ्हाड-नागपूरकडचा जुना शेतकरी कुंदा-हराळी माजली तरच काही वर्षांनी नांगर घालायचा, एरवी वखरावर भागवायचा. तो आळशी नव्हता.

दुसरी तोड, ट्रॅक्टरला वावरात वाटा ठरवून द्यायच्या. दर वेळी नव्या जागेवरून फिरू द्यायचे नाही. पहिल्याच फेरीत नुकसान होते म्हटल्यावर, झाले तिथेच होऊ द्यावे, बाकीचे वावर वाचवावे. ट्रॉली धुऱ्याच्या कडेने उभी करावी. फवारणीचा, पेरणीचा, डवरणीचा ट्रॅक्टर त्याच चाकोरीने जावा.

तिसरी, पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून ट्रॅक्टरवाल्याशी हंगामाआधी बोलणी करावीत, एका शिवारातली वावरे एकत्र सांगावीत आणि कोणाचे आधी हे वाफशावर ठरवावे. चढावरची वावरे आधी वाळतात, खोलगटातली मागाहून. ट्रॅक्टरवाल्यालाही एका ठिकाणी सलग काम मिळाले तर डिझेल वाचते. हे गावात जमते का, ते तुम्ही सांगायचे.

रोटाव्हेटरबद्दल एक शब्द. रोटाव्हेटर फिरवला की वावर दिसते सुंदर, रवा पाडल्यासारखे. पण तो वरचा रवा नव्हे, पीठ असते. पहिल्या जोराच्या पावसात त्या पिठाची साय धरते आणि सरकीचा कोंब खालीच अडकतो. शिवाय त्याची पाती दर वेळी एकाच खोलीवर फिरतात आणि ओल असेल तर खालचा थर घासून गुळगुळीत करतात. वेळ वाचतो हे खरे. त्यासाठी काय मोजतो, तेही ठाऊक असावे.

वाफसा पाहायचा कसा, हे तुम्हाला शिकवणे म्हणजे मासळीला पोहणे शिकवणे. तरी एक गोष्ट सांगतो, कारण ट्रॅक्टरच्या काळात ती बदलली आहे. बैलाचे औत चार बोटे खोल चालायचे, म्हणून वरची माती पाहिली की पुरे होत असे. ट्रॅक्टरचा दाब वीतभर आणि त्याखालीही जातो. म्हणून वीतभर खड्डा करून खालची माती घ्या. तळहातावर वळून पाहा. पेन्सिलीसारखी वळी न तुटता होत असेल तर ट्रॅक्टर धुऱ्यावरच राहू द्या. वळी करता करता तुकडे पडू लागले की वावर तयार. वरून वाळलेले आणि खालून ओले, हे काळ्या जमिनीचे फसवे रूप आहे.

आता बाजारात आणि गप्पांत जे उपाय फिरतात त्यांच्याकडे वळू.

रेती टाका, जमीन हलकी होते, असे सांगणारे भेटतात. हिशेब करा. एका एकरातला वरचा सहा इंचांचा थर आठ-नऊ लाख किलो भरतो. त्यातली चिकणमाती साठ टक्क्यांवरून तीसवर आणायची तर तेवढीच रेती लागेल. ट्रॉलीत तीन टन धरले तर अडीचशे ते तीनशे ट्रॉल्या, एका एकराला. एवढ्या रेतीच्या पैशात दुसरे वावर येईल. आणि थोडीशी टाकली तर? थोडी रेती आणि पुष्कळ चिकणमाती मिळून काय होते ते वीटभट्टीवर जाऊन पाहा. घरामागच्या परसात, वांगी-मिरचीच्या दोन वाफ्यांत हौस करायची तर करा. तिथेही वाफा वीतभर उंच करणे, त्यावर पाय न देणे आणि उकिरड्याचे कुजलेले खत घालणे, हे रेतीपेक्षा स्वस्त आणि गुणाचे.

तलावाचा गाळ. २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. योजना चांगली, पण गाळ कोणत्या वावरात न्यायचा हे पाहा. काळ्या शिवारातून वाहून आलेला गाळ ही चिकणमातीच. मुरमाड, बरड वावराला तो अमृत आहे. ओल धरायला लागतो. आधीच भारी असलेल्या वावरात टाकणे म्हणजे पोट भरलेल्याला पुन्हा पंगतीला बसवणे. लोक फुकट मिळतो म्हणून जवळच्या वावरात ओततात, आणि जवळचे वावर बहुधा तलावाखालचे, भारीच असते.

जिप्सम. हे औषध आहे, पण एकाच रोगाचे. मातीत सोडियम जास्त झाले की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात दुधासारखे पसरतात आणि भोके बुजवतात. आपल्या भाषेत चोपण जमीन. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाण पट्टा हे त्याचे मोठे उदाहरण. तिथे खाली विहिरीचे पाणीही खारट, ते पाणी वावराला दिले की दुखणे वाढते. अशा जमिनीत जिप्सम काम करते, पाण्याला बाहेर जायची वाट असेल तर. पण सोडियमचा त्रास नसताना, नुसत्या तुडवलेल्या जमिनीत जिप्सम टाकले तर दुकानदाराचे भले होते. आपल्या पुष्कळ काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे आहेतच, कॅल्शियमचा दुष्काळ नाही. आधी माती तपासा, सोडियमचे प्रमाण विचारा, मगच पोती उचला.

मग शेणखत. हेक्टरी पाच टन म्हणजे एकरी दोन टन, चारेक बंड्या. आठ-नऊ लाख किलो मातीत दोन हजार किलो खत! रेतीचा हिशेब लावला तर हे नगण्यच. तरी गुण येतो. कारण रेती ही भर आहे आणि शेणखत हे विरजण आहे. त्याने मातीतले जीवजंतू कामाला लागतात, त्यांचा चिकट स्राव आणि बुरशीचे धागे मातीचे कण बांधून रवा करतात. विरजण मात्र रोज लागते, एकदाच घालून भागत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब हा एक आकडा असतो. ०.४० च्या खाली असेल तर कमी समजतात. बाकीचे आकडे राहू द्या, हा एक आकडा दर तीन वर्षांनी पाहत जा.

पण शेण कुठून आणायचे? जनावरे गेली, उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या होतात. या प्रश्नावर एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला आले. होळकरांचे संस्थान, आपल्यासारखीच काळी जमीन, आपल्यासारखाच कापूस. तिथे शेण थोडे आणि पऱ्हाट्या-तुराट्या भरपूर. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खताची जी रीत बसवली ती पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक निघाले. पऱ्हाटीसारखे टणक लाकूड कुजेना, तेव्हा त्यांनी काय केले? पऱ्हाट्या शेताच्या रस्त्यावर अंथरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांनी त्या चिरडून दिल्या. तो चुरा गुरांच्या पायाखाली टाकला, त्यात मूत मुरले, मग शेणकाला, मूत मुरलेली माती आणि राख घालून उथळ खड्ड्यात रचला, तीन वेळा चाळला. तीन महिन्यांत खत. शेण त्यात विरजणापुरतेच. ज्या चाकाने आज वावर दाबले जाते त्याच चाकाने त्यांनी रस्त्यावर पऱ्हाटी फोडून घेतली, हे आम्हाला फार आवडले.

पऱ्हाटीचा प्रश्न आता आणखी एका कारणाने निकडीचा आहे. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केले ते विसरायला नको. पऱ्हाट्यांचे भारे धुऱ्यावर रचून ठेवले की किडक्या बोंडांत अळी मुक्काम करते. म्हणजे पऱ्हाटी ठेवताही येत नाही आणि जाळली तर वावराचे विरजण धुरात जाते. तिचा बारीक चुरा करून कुजवणे हा मधला मार्ग. चुरा करणारी यंत्रे आता भाड्याने मिळतात. चुरा तसाच ओल्या वावरात मिसळू नका. तो कुजताना जमिनीतले नत्र ओढतो आणि पुढचे पीक पिवळे पडते. उन्हाळ्यात मिसळा किंवा खड्ड्यात कुजवा. धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला वावरात घालायचे प्रयोग अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात झाले आहेत; ज्याच्याकडे जनावर नाही त्याने तिकडे लक्ष द्यावे.

आता पाण्याची वाट. नागपूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो झडीने येतो. भारी वावर चिबडले की मुळांना हवा मिळत नाही. दोन दिवसांत पऱ्हाटी पिवळी, आठ दिवसांत मान टाकते. संत्र्याच्या बागेत हीच ओल डिंक्याला बोलावते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत तयार केली: दीड मीटरच्या पट्ट्यात साधारण एक मीटरचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी, सरीला शंभर फुटांत अर्धा-पाऊण फूट उतार. पीक वरंब्यावर, चाक आणि पाय सरीत. दाबायचे ते सरीतच दाबले जाते, वरंबा मोकळा राहतो, आणि आम्ही मघाशी ट्रॅक्टरच्या वाटा म्हटले त्या आपोआप ठरतात. त्याचे पेरणीयंत्र आता आपल्याकडेही आले आहे. ते नसेल तर डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून शेवटच्या डवरणीला सऱ्या पाडता येतात, खर्च दोरीचा.

यात अडचण मात्र यंत्राची नाही, धुऱ्याची आहे. माझ्या सरीतले पाणी तुझ्या वावरात गेले की भांडण. पाणी नाल्यापर्यंत न्यायचे तर चार जणांच्या वावरातून चारी काढावी लागते. कोर्टात धुऱ्यावरून जेवढा पैसा गेला तेवढ्यात तालुक्यातल्या सगळ्या चाऱ्या झाल्या असत्या.

एक चांगली बातमीही सांगतो. काळी जमीन दुखावते तशी स्वतःला बरीही करते. वाळून भेगा पडणे आणि पुन्हा भिजून मिटणे, या फेऱ्यात दाबलेला थर आपोआप तडकतो. हा कोरडवाहू शेतकऱ्याला फुकट मिळालेला नांगर आहे. बारमाही ओलित करणाऱ्याला तो मिळत नाही. खाली ओल ओढून घेणारे पीक त्याला मदत करते. तूर सोटमुळाने खाली जाते आणि मूळ कुजले की भोक मागे ठेवते. ज्वारीच्या झुपकेदार मुळ्या वरचा थर रवाळ करतात. ज्वारी वावरातून गेली तेव्हा कडब्याबरोबर हेही गेले. कपाशीत तुरीचे तास पेरता, ते चुकवू नका. आणि ज्वारीला परत एखादे वावर देता आले तर द्या. भाव मिळत नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून एखादेच म्हणतो.

मायबहिणींना एक विनंती. वावर कुठे दगड झाले हे ट्रॅक्टरवर बसलेल्याला कळत नाही. निंदण करताना खुरपे कुठे अडते, सरकी टोबताना बोट कुठे जात नाही, हे तुम्हाला ठाऊक असते. ती जागा घरच्यांना दाखवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने वावरातल्या दोन जागांची माती आणायची. एक, खुरपे अडते तिथली. दुसरी धुऱ्याच्या आतली, जिथे चाक कधी जात नाही तिथली. वीतभर खालची, वाळलेली, चण्याएवढी ढेकळे. दोन काचेचे ग्लास आणि पावसाचे साठवलेले पाणी आणा. विहिरीचे चालत नाही, त्यात क्षार असतात. एका ग्लासात कोरडे ढेकूळ अलगद सोडायचे, हलवायचे नाही. ढेकूळ फुटले पण पाणी निवळ राहिले तर सोडियमची काळजी नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला तर माती प्रयोगशाळेत न्यायची. दुसऱ्या ग्लासात तीच माती ओली करून, तळहातावर चांगली मळून, गोळी करून सोडायची. पहिल्यात पाणी निवळ आणि दुसऱ्यात गढूळ झाले, तर वावर ओले असताना मळल्याने काय होते ते टेबलावरच दिसेल. ग्लास रात्रभर राहू द्यावे लागतात, म्हणून घरूनच आदल्या संध्याकाळी मांडून पाहा आणि काय दिसले ते कागदावर लिहून आणा. वावराचे नाव, मागच्या हंगामात ट्रॅक्टर कोणत्या दिवशी घातला आणि त्याआधी पाऊस कधी झाला होता, एवढे त्याच कागदावर असू द्या.